पिंपाचे दोन ठोके

१

देव चोरीला गेला तो सोमवारी पहाटे, आणि पिंप वाजायला लागलं तेही सोमवारीच. पण पहिल्या गोष्टीचा घरात असा आकांत झाला की दुसरीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. लक्ष गेलं ते बुधवारी, आणि तेही ओल्या धोतरापायी.

"अण्णांना ओलं नेसवू नका असं वैद्य सांगून गेलेत," अनंतकृष्ण येसाजीरावांच्या ओट्यावर उभा राहून सांगत होता. अंगात कचेरीचा कोट, पण दाढी तीन दिवसांची. "सोवळं तर वाळत नाही. तुम्ही केलेलं कपडे वाळवायचं पिंप खडखडतंय, म्हणून आई ते फिरवू देत नाही. तेवढं येऊन बघा. आणि जमलं तर दुसरं पण बघा."

"दुसरं काय?"

"देव गेला आमचा."

येसाजीरावांनी पगडी डोक्यावर ठेवली. आयुष्यभर म्हैसूरच्या राजवाड्याच्या यंत्रशाळेत नोकरी केलेला हा म्हातारा. त्याचे आजे-पणजे घोड्यावरून लढले. हा मात्र चक्रांना तेल घालत म्हातारा झाला, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. कान असा की भिंतीपलीकडचं यंत्र ऐकून त्याचा कुठला दात झिजलाय ते सांगावं. लष्कर मोहल्ल्यात लोकांची घड्याळं हरवली की लोक त्याच्याकडे येत, आणि घड्याळासोबत बहुतेक वेळा चोरही सापडे.

अग्रहाराच्या, ब्राह्मणवस्तीच्या, वाटेवर अनंतकृष्णानं सगळं सांगितलं. त्याचे वडील तिरुमलराव, नंजनगूडचे निवृत्त अमलदार, मंगळवारच्या गाडीनं काशीला निघायचे होते. कायमचे. घरातला एकुलता शाळिग्राम बरोबर घेऊन, आणि बायकोला मुलाजवळ ठेवून. सोमवारी पहाटे देवघरात गेले तर आसन रिकामं. त्या क्षणापासून त्यांनी तोंडात काही घेतलेलं नाही. देवाचं तीर्थ घेतल्याशिवाय पाण्याचा थेंबही नाही, हा त्यांचा सत्तर वर्षांचा नेम.

"पाणीही नाही?" येसाजीराव थबकले.

"शेजारच्या घरून तीर्थ आणतो म्हटलं तर म्हणतात, माझा देव मला सोडून गेला, मी दुसऱ्याच्या दारात का जाऊ. वैद्य म्हणतात आजचा दिवस निघेल. उद्याचं सांगता येत नाही." अनंतकृष्णाचा आवाज फुटला. मग सावरून म्हणाला, "मला तर आमच्या वेंकोबाचाच संशय आहे. बारापर्यंत कबूल झाला नाही तर कोतवालीत वर्दी देतो."

वेंकोबा म्हणजे घरचा स्वयंपाकी. येसाजीराव पावलं लांब टाकू लागले.

२

पिंप त्यांनीच पाच वर्षांपूर्वी बनवलेलं. आषाढात सोवळं वाळत नाही, ओलं नेसून पूजा केली की तिरुमलरावांचा दमा उसळतो, म्हणून. तांब्याच्या जाळीचं मोठं पिंप, लाकडी दाते, हातानं फिरवायचा दांडा, खाली निखाऱ्यांचं घमेलं, आणि धूर कौलांवर नेणारं पत्र्याचं नळकांडं. शास्त्रीबुवांनी दोन अटी घातल्या. चामड्याचा पट्टा नको. आणि एकदा पाणी शिंपडून शुद्ध केलं की सोवळ्यात नसलेल्या कुणी त्याला बोट लावायचं नाही. त्या दिवसापासून बनवणाऱ्यालाच पिंपाला हात लावायची बंदी होती. येसाजीरावांना याचं हसू येई, रागही येई, आणि थोडा अभिमानही वाटे.

आताही ते उंबऱ्याबाहेर पाटावर बसले. आत वेंकोबा, ओलेत्यानं, दांड्याशी.

"फिरव. हळू."

आधी आसाची कुरकुर. ती तीन दिवस तेल न मिळाल्याची, तिला महत्त्व नव्हतं. मग *ठक*. आणि अर्ध्या फेऱ्यानं पुन्हा *ठक*. एका फेऱ्याला दोन ठोके, मोजून.

"आता ओली धोतरं भर आणि फिरव."

तेच दोन ठोके, तितकेच स्पष्ट. येसाजीरावांनी डोळे मिटले. जाळीच्या आत काही सुटं पडलं असतं तर ते वाटेल तसं गडगडलं असतं, आणि कपड्यांत दबलं असतं. हे दबत नव्हतं. म्हणजे वस्तू पिंपाच्या आत नाही, पिंपावरच कुठल्या तरी बंद जागेत आहे. वर गेली की एका बाजूला पडते, खाली आली की दुसऱ्या. आणि आवाज धातूचा नव्हता. बोथट होता, काहीतरी गुंडाळल्यासारखा.

"दांडा सोड."

वेंकोबानं सोडला. पिंप आपसूक मागं फिरलं आणि झाकणाची बाजू खाली येऊन थांबलं.

"परत."

परत तेच. येसाजीरावांच्या कपाळावर आठी आली. झाकण जड, म्हणून त्याच्या बरोबर समोर त्यांनी तांब्याची एक डबी बसवली होती, आत शिशाचा ठोकळा, घट्ट मापाचा. त्यामुळे पिंप कुठंही सोडलं तरी जागच्या जागी थांबे. आता थांबत नव्हतं. म्हणजे डबीतलं शिसं गेलं होतं, आणि त्याच्या जागी काहीतरी हलकं, छोटं आलं होतं.

काय आलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. तोंडावर आलेलं वाक्य येसाजीरावांनी गिळलं. आत्ता डबी उघडा म्हटलं तर देव मिळेल, पण सगळ्यांचे डोळे वळतील ते त्या पिंपाला रोज हात लावणाऱ्या एकाच माणसाकडे, आणि तो समोर ओलेत्यानं कुडकुडत उभा होता.

"वेंकोबा, आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला?"

"मीच की, स्वामी. सोमवारी निखारे घालून फिरवायला लागलो तर हे ठकठक. थोरल्या बाईंना सांगितलं. त्या धावत आल्या आणि घमेल्यात घागरभर पाणी ओतलं. धुरानं रावांना त्रास होतो म्हणाल्या. तेव्हापासून पिंप बंद." त्यानं येसाजीरावांकडे पाहिलं. "मी देव कशाला घेऊ हो? मी सुम्ने, नुसता बसून कुणाचं अन्न खाल्लं नाही आजवर."

ज्यानं देव लपवला तो स्वतःच आवाजाची तक्रार कशाला करेल, एवढं येसाजीरावांना पटलं. पण दुसरी एक गोष्ट पटली नाही. धूर कौलांवर जावा म्हणून तर त्यांनी नळकांडं बसवलं होतं. पाच वर्षांत त्या धुरानं कुणी खोकलं नव्हतं.

३

देवघराची किल्ली अनंतकृष्णाच्या जानव्याला होती.

"सोमवारी नवाच्या सुमारास कुलूप घातलं," तो म्हणाला. "त्यानंतर आत कोणी गेलेलं नाही. आई दोनदा किल्ली मागायला आली, दिवा लावायचाय म्हणून. मी दिली नाही. खुणा पुसल्या जातील."

येसाजीरावांनी दारातूनच आत पाहिलं. चांदीचं देव्हाऱ्याचं छत्र जागेवर. चांदीची पळी-पंचपात्री जागेवर. सोन्याचं तुळशीपान आसनाच्या कडेला पडलेलं.

"एवढी चांदी सोडून चोरानं दगड नेला होय?"

"तेच तर. वेंकोबाला अण्णांनी गेल्या महिन्यात चारचौघांत झापलं होतं. सूड, दुसरं काय."

"आणि तू?" येसाजीरावांनी सरळ विचारलं. "वडील काशीला जाऊ नयेत असं तुला वाटत नव्हतं?"

अनंतकृष्ण लाल झाला. "वाटत होतं. मी ते तोंडावर सांगितलं. मी संध्याही नीट करत नाही हे सगळ्या अग्रहाराला ठाऊक आहे. मला दगड लपवायचा असता तर कोटाच्या खिशात टाकून कचेरीत नेला असता."

उत्तर उर्मट होतं, पण खरं होतं. ज्याला सोवळ्याची पर्वा नाही त्याला लपवायला सगळं म्हैसूर मोकळं होतं.

"आसनावर काय अंथरलेलं असे?"

"रेशमी वस्त्र. हिरवं. तेही गेलंय."

येसाजीरावांनी दारातूनच वाकून ते रिकामं आसन न्याहाळलं. तुळशीपान बाजूला सरकवलेलं, आणि वस्त्र देवासकट उचललेलं. घाईतल्या चोरानं देव मुठीत धरला असता. इथं कुणीतरी वस्त्राची चारी टोकं धरून देव उचलला होता, हात न लावता. या घरातल्या पुरुषाला शाळिग्रामाला हात लावायला आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती बायकांना.

घरात बायका दोन होत्या.

४

अनंतकृष्णाची बायको तुंगा परसातल्या खोलीत दूर बसलेली होती, तिसरा दिवस. तिच्याकडे कुणी गेलं नव्हतं, आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. शेजारपाजारच्या बायकांनी मात्र तिची सावली देवघरावर पडली म्हणून देव रुसून गेला, असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

येसाजीराव विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहिले. ते काही सोवळ्यातले नव्हते, त्यामुळे त्यांना काही बाटायचं नव्हतं.

"पोरी, तू कधीपासून इथं आहेस?"

"रविवार रात्रीपासून, येसाजीमामा. पहाटे अण्णांची हाक ऐकली तेव्हा मी इथंच होते." तिचे डोळे सुजलेले होते. "नरसीपूरला माझ्या बाबांना पत्र गेलंय म्हणे, मला घेऊन जा म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकदा तरी नाही म्हणायचं होतं."

"त्या पहाटे काही ऐकलंस?"

तिनं एकदा घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "विहिरीत काहीतरी पडलं. जड. मला वाटलं घागर निसटली. उजाडल्यावर पाहिलं तर चारी घागरी जागेवर."

"हे कुणाला सांगितलंस?"

"या दिवसांत मला कोण विचारतं? आणि सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिनंच टाकलं."

येसाजीराव वळले आणि मोठ्यानं, मुद्दाम मोठ्यानं, हाक घातली. "अनंतकृष्णा, गळ आण. सोमवारी पहाटे कुणीतरी विहिरीत जड वस्तू टाकलीय."

घरात एकच धावपळ उडाली. अनंतकृष्ण गळ घेऊन धावला, वेंकोबा धावला, ओसरीवर बसलेले दोघं-तिघं शेजारी धावले. आतून तिरुमलरावांचा क्षीण आवाज आला, "मिळाला का रे?" सगळं घर विहिरीवर लोटलं.

येसाजीराव मात्र विहिरीकडे बघतच नव्हते. ते मागच्या दारातून घरात बघत होते. तिथं, पिंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर, एक माणूस बसून होतं आणि जागचं हललं नव्हतं.

५

गळाला लागून वर आलं ते शिसं. चौकोनी ठोकळा, कोपऱ्यावर येसाजीरावांच्या छिन्नीची खूण. शेजारी हिरमुसले. कुणाला काही उमगलं नाही.

येसाजीराव अंबुजाबाईंपासून चार हात अंतर ठेवून पायरीवर बसले. तिरुमलरावांची ही बायको, पासष्टीची, सोवळ्याची धाबळी नेसलेली. तीन दिवसांत तीही जेवली नसावी, असं तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"बाई, सगळे विहिरीवर गेले. देव तिथं नाही हे फक्त तुम्हालाच ठाऊक होतं."

ती उंबऱ्यावरच जराशी आत सरकली.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा. देव वस्त्रातून उचलला, कारण उचलणाऱ्या हाताला त्याला शिवायचा हक्क नव्हता. ठेवला पिंपाच्या डबीत, कारण घरात देवघर आणि चूल सोडली तर सोवळ्याची जागा ती एकच. चूल वेंकोबाची. ती डबी कशी उघडते हे मी पाच वर्षांपूर्वी तुम्हाला दाखवलं होतं. आणि सोमवारी निखारे पेटले तेव्हा तुम्ही पाणी ओतलंत, ते धुरासाठी नव्हे. देवाला चटका बसेल म्हणून. देवाला चटका बसू नये याची काळजी करणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला."

अंबुजाबाईंनी पदर तोंडावर घेतला. रडल्या मात्र नाहीत.

"मंगळवारची गाडी चुकवायची होती," त्या म्हणाल्या. "एवढंच. शुक्रवारी एकादशी, तिच्याआधी काशी गाठायची तर तीच शेवटची गाडी. चातुर्मास लागला की चार महिने ते कुठं हलत नाहीत. चार महिन्यांत माणूस थोडं नरम होतं की नाही? मला वाटलं, शेजारून तीर्थ आणवतील. फिरतीवर असताना आणवायचे की. ते असे अडून बसतील हे मला कुठं ठाऊक? नवाला परत ठेवायला गेले तर पोरानं कुलूप घातलेलं."

"तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगू? देव चोरला म्हणून सांगू?" त्यांचा आवाज कापू लागला. "पन्नास वर्षं झाली हो लग्नाला. काशीला चाललो हे त्यांनी पोराला सांगितलं, वैद्यांना सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं. मला कळलं ते ट्रंक बाहेर निघाली तेव्हा. तू अनंताजवळ राहा, म्हणाले. ट्रंकेला सांगावं तसं."

विहिरीवरून अनंतकृष्णाचा आवाज चढलेला ऐकू आला. तो वेंकोबाला दरडावत होता. कोतवालीत वर्दी द्यायचे बारा वाजायला आले होते.

"येसाजीराव, एक करा," त्या घाईनं म्हणाल्या. "देव धोतरांबरोबर चुकून पिंपात गेला असं सांगा. तुमचा शब्द सगळे मानतात."

येसाजीरावांना तिचं मन मोडवेना. पण त्यांनी मान हलवली. "धोतरं पिंपात कोण भरतं, बाई? वेंकोबा. चुकून गेला म्हटलं तरी चूक त्याचीच होईल. आणि त्यावर नाही विश्वास बसला, तर परसातल्या पोरीला नरसीपूरची गाडी आहेच. तीन दिवस तुम्ही गप्प बसलात. आणखी किती जणांच्या डोक्यावर हे ठेवणार?"

बाई उठल्या. विहिरीवर जाऊन दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या, सगळ्यांच्या देखत, आणि ओलेत्यानं पिंपाच्या खोलीत गेल्या. डबीची कळ फिरल्याचा बारीक आवाज येसाजीरावांनी ऐकला.

६

हिरव्या वस्त्राची चारी टोकं धरून त्या नवऱ्याच्या अंथरुणापाशी आल्या, तेव्हा दारात सगळे उभे होते. तिरुमलरावांचे डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले. त्यांनी वस्त्राकडे पाहिलं आणि हात जोडले.

"कुठं होता?"

"मी घेतला होता," अंबुजाबाई म्हणाल्या. "वेंकोबाचा दोष नाही. तुंगाचा नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून घेतला."

अनंतकृष्णाच्या जानव्याला ती किल्ली तशीच लोंबत होती. तिरुमलरावांनी बायकोकडे पाहिलं. रागानं नाही, एखादं अनोळखी माणूस ओळखीचं निघावं तसं पाहिलं. मग मुलाला खूण केली. त्यांना उचलून देवघरात बसवलं. अभिषेक त्यांनी स्वतः केला. तीर्थ घेतलं. दोन पळ्या पेज घेतली. वैद्य म्हणाले, आता भीती नाही.

संध्याकाळी त्यांनी अनंतकृष्णाला जवळ बोलावलं. "काशीचं रद्द कर. ज्याच्या घरात बायकोला चोरी करावी लागते त्याचं काशीत काय काम?" मग डोळे मिटले. बायको त्याच खोलीत, भिंतीशी बसली होती. तिला उद्देशून ते काहीच बोलले नाहीत.

अनंतकृष्णानं वेंकोबाची माफी मागितली. ती त्यानं वाईट तऱ्हेनं मागितली, पण मागितली. नरसीपूरला दुसरं पत्र गेलं आणि तुंगा राहिली. सासूनं तिला जवळ घेऊन काही सांगितलं म्हणे, काय ते दोघींनाच ठाऊक.

येसाजीराव पुन्हा त्या घरी गेले ते दसऱ्याच्या आधी. शिशाचा ठोकळा वितळवून नवा केला होता, तो वेंकोबाच्या हातून डबीत बसवून घ्यायचा होता. पिंप गप्प फिरू लागलं. ओसरीवर तिरुमलराव पोथी वाचत होते. अंगावर मूठभर मांस चढलेलं दिसत होतं. येसाजीरावांचं त्यांनी छान स्वागत केलं, राजवाड्याच्या दिव्यांची चौकशी केली. अंबुजाबाईंनी कॉफी आणून ठेवली, तेव्हा मात्र त्यांनी पोथीतून मान वर केली नाही.

निघताना बाई दारापर्यंत आल्या.

"बरे दिसतात," येसाजीराव म्हणाले.

"होय की. दोन वेळा नीट जेवतात."

"तुमच्याशी बोलतात?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "त्या दिवसापासून नाही. काही हवं असलं तर तुंगाला सांगतात, मला ऐकू येईल असं."

येसाजीरावांना वाईट वाटलं. आपण त्या दिवशी ते खोटं बोललो असतो तर, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसला असावा, कारण बाई किंचित हसल्या.

"जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "काशीहून तरी कुठे बोलले असते."

येसाजीरावांनी पगडी सारखी केली आणि ते पायऱ्या उतरले.